विश्लेषण : ऑशविट्झचे सत्य कळूनही रबाय लिओ बेक गप्प का राहिले?

ऑगस्ट १९४३. नाझीव्याप्त चेक भूमीवरील तेरेझिनश्टाट छळछावणीत एका कैद्याने सत्तर वर्षांच्या लिओ बेक यांना सांगितले, की इथून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या ऑशविट्झला पोहोचतात आणि तिथे माणसे विषारी वायूने मारली जातात. जर्मनीतील ज्यूंचे सर्वांत मान्यवर धर्मगुरू असलेल्या बेक यांनी ही बातमी छावणीतील इतरांना न सांगण्याचे ठरवले. त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही.

बेक कोण होते?

१८७३ मध्ये आज पोलंडमध्ये असलेल्या लेश्नो गावी त्यांचा जन्म झाला. वडीलही रबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू. १९०५ मध्ये ‘ज्यू धर्माचे सार’ या ग्रंथाने लिओ यांचे नाव झाले. ईश्वराची आज्ञा नैतिक कृतीतून पाळायची आणि ती पाळायची की नाही, हे माणसानेच निवडायचे, असा त्यांचा विचार. १९१२ पासून ते बर्लिनमध्ये होते. तिथल्या उदारमतवादी ज्यू विद्यालयात त्यांनी रबायांच्या पिढ्या घडवल्या. १९३८ मध्ये ते पुरोगामी ज्यूंच्या जागतिक संघाचे अध्यक्ष झाले. (याच प्रवाहाची मुंबईतील शाखा डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ मध्येच सुरू झाली होती.)

देश का सोडला नाही?

१९३३ पासून ते जर्मन ज्यूंच्या प्रातिनिधिक संस्थेचे प्रमुख होते. परदेशातून बोलावणी आली, अटकाही झाल्या. पण समाज मागे असताना आपण जायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. जानेवारी १९४३ मध्ये त्यांनाच छावणीत नेले. तिथे त्यांनी कचऱ्याची गाडी ओढली आणि दाटीवाटीने जमलेल्या कैद्यांना प्लेटो, कान्ट यांच्यावर व्याख्यानेही दिली.

मग मौन का?

विषारी वायूने मरण येणार हे जाणून जगणे अधिक कठीण होईल, शिवाय मरण प्रत्येकाच्याच वाट्याला येईल असेही नाही, कारण काहींना मजुरीसाठी निवडले जाते, असे त्यांनी युद्धानंतर सांगितले. तत्त्वज्ञ हॅना आरेंट यांनी १९६३ मध्ये यावर कठोर टीका केली. बेक यांच्या हेतूवर शंका घेता येत नाही. पण निवडीचे स्वातंत्र्य शिकवणाऱ्याने इथे इतरांच्या वतीने निवड केली, हा आक्षेप सहज झटकता येत नाही. लोकांना कळले असते तर किती जण वाचले असते, हेही कोणी सांगू शकत नाही.

मुक्ततेनंतर ते लंडनला स्थायिक झाले, अमेरिकेत सिनसिनाटीत शिकवत राहिले. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये सुरू झालेल्या, रबाय घडवणाऱ्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.