कामावरील इजा आणि विद्यापीठाचा मजूर

विद्यापीठ हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें ग्रंथालय, व्याख्यानगृह आणि पदवीदानाचा समारंभ उभा राहतो. तेथें कोणाचा हात यंत्रांत सांपडेल किंवा कोणी झाडावरून पडेल, ही कल्पना सहसा मनांत येत नाहीं. परंतु रत्नागिरी जिल्ह्यांतील बुरोंडीसारख्या समुद्रकांठच्या गांवाहून दापोलीस जाणाऱ्या माणसाला विद्यापीठाचें निराळेंच रूप दिसतें. दापोलीस १८ मे १९७२ रोजीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. आज तें डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नांवानें ओळखलें जातें. त्याची प्रयोगशाळा चार भिंतींत मावत नाहीं. भातखाचरें, आंब्याकाजूच्या बागा, रोपवाटिका, तसेंच नारळासाठीं भाट्यें आणि फळझाडांसाठीं वेंगुर्लें येथील संशोधन केंद्रें, हा सारा तिचाच विस्तार होय. संशोधकाच्या वहींत आंकडा उतरण्यापूर्वीं कोणीतरी झाडावर चढलेलें असतें, कोणीतरी औषध फवारलेलें असतें, कोणीतरी मळणीयंत्रांत पेंढी सारलेली असते. अशा माणसास कामावर इजा झाली तर पुढें काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पूर्वीं याचें उत्तर फार कठोर होतें. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध केल्यावांचून मजुरास कांहीं मिळत नसे. आणि चूक सोबतच्या मजुराची निघाली तर मालक मोकळा सुटे. जर्मनीनें १८८४ सालीं व इंग्लंडनें १८९७ सालीं ही रीत मोडली. आपल्याकडे १९२३ सालचा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. २००९ सालच्या दुरुस्तीनें त्याच्या नांवांतील 'कामगार' जाऊन तेथें 'कर्मचारी' आला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली. नांवें बदललीं, परंतु मूळ तत्त्व तेंच राहिलें. अपघात हा कामाच्या खर्चाचाच एक भाग आहे. म्हणून ज्याचें काम, त्यानें तो खर्च सोसावा. मालकाची चूक दाखविण्याची गरज नाहीं.

मात्र दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: इजा कामामुळें झाली, आणि ती काम चालू असतां झाली. पावसाळ्यांत गवत कापणाऱ्या बाईस सर्पदंश झाला, तर साप कांहीं विद्यापीठानें पाळलेला नव्हता, हें खरें. परंतु त्या गवतांत तिला कामानेंच नेलें होतें. नव्या संहितेनें घर व कामाची जागा यांमधील प्रवासांत झालेला अपघातही, कामाशीं त्याचा संबंध दिसल्यास, यांत घेतला आहे.

हा हक्क कोणाला? कायद्यास कामांची एक अनुसूची जोडलेली आहे. ट्रॅक्टरनें शेती करणें, कीटकनाशकें फवारणें, यंत्रानें कापणी व मळणी करणें, झाडें तोडणें हीं कामें तींत आहेत. तेव्हां पाहावयाचें तें हुद्द्याचें नांव नव्हे, तर प्रत्यक्ष काम. विद्यापीठ हा 'उद्योग' आहे कीं नाहीं, हा वाद मात्र वेगळा. दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांच्या खटल्यांत, १९६३ सालीं, न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं 'नाहीं' असें उत्तर दिलें. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं तें फिरविलें. पण तो झगडा नोकरींतून कमी केल्याबद्दलच्या भरपाईचा होता, अंगावरच्या जखमेचा नव्हे. मजूर ठेकेदाराच्या मार्फत आलेला असला तरी त्यास मुख्य मालकाकडे मागणी करतां येते. मालकानें तो पैसा पुढें ठेकेदाराकडून वसूल करावा. ज्याची नोंद कर्मचारी राज्य विमा योजनेंत आहे, त्यास लाभ तेथून मिळतो; एकाच इजेबद्दल दोन्हीकडून घेतां येत नाहीं.

आतां हिशेब पाहूं. चाळीस वर्षांचा मजूर आहे आणि कायद्याच्या मर्यादेंत धरावयाचा त्याचा मासिक पगार १२,००० रुपये आहे असें समजा. या वयाचा गुणक १८४.१७ आहे. मृत्यु आल्यास पगाराचा निम्मा भाग, म्हणजे ६,००० रुपये, या गुणकानें गुणावा. रक्कम ११,०५,०२० रुपये होते. कायमचें पूर्ण अपंगत्व आल्यास पगाराचे शेंकडा ६० धरावे. रक्कम १३,२६,०२४ रुपये होते. सरकारनें ठरविलेली किमान रक्कम यांहून मोठी असेल तर ती द्यावी लागते. अंगठा गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ३० घटली असें कायदा मानतो. तेव्हां सुमारें ३,९७,८०७ रुपये मिळतात. इजा तात्पुरती असेल तर दर पंधरवड्यास पगाराचा चौथा हिस्सा मिळतो. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानें निराळा द्यावयाचा असतो.

एवढें असून पुष्कळांच्या हातीं कांहींच कां पडत नाहीं? बहुधा कागद नसतो म्हणून. अपघाताची सूचना शक्य तितक्या लौकर लेखी द्यावी; हजेरीपट, पगाराची नोंद व डॉक्टरचा दाखला जपून ठेवावा; आणि दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आंत करावा. मजूर दारू प्यालेला होता, किंवा सुरक्षेचें साधन त्यानें जाणूनबुजून काढून टाकलें, असा बचाव मालकास घेतां येतो. परंतु मृत्यु अथवा कायमचें पूर्ण अपंगत्व आलें असेल तेथें तो चालत नाहीं. 'मला कांहीं नको' असें लिहून घेतलेला कागद रद्दच समजला जातो. मृत्यूची भरपाई मालकानें परस्पर घरच्यांच्या हातीं ठेवून भागत नाहीं; ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. विधवेच्या भोळेपणाचा फायदा कोणी घेऊं नये, हा त्यांतील हेतु.

पुष्कळ ठिकाणीं अशा प्रसंगीं वर्गणी काढतात, चार दिवस समाचाराला जातात. ही माणुसकी चांगलीच. पण ती आटते, आणि घेणाऱ्याची मान खालीं जाते. कायद्यानें मिळणारा पैसा हा उपकार नव्हे. मजुराच्या श्रमावर जी विद्या उभी राहिली, तिच्याकडून त्याला येणें असलेली ती रक्कम आहे. येणें मागतांना कोणीही संकोच करूं नये, आणि देणाऱ्यानें तें मागण्याची वाटही पाहूं नये.