पिल्लं पिसं उपटतायत? आधी टेप घ्या!

मागच्या आठवड्यात दुकानात एक ताई आल्या. हातात खोकं, त्यात पाठ सोललेली चार पिल्लं. "सर, यावर औषध द्या ना." मी म्हटलं, "ताई, आधी घरी जाऊन ब्रूडर मोजा."

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. माझ्या पहिल्या बॅचला 60 गावरान पिल्लं आणि 6 राजहंसाची पिल्लं मी एकाच 5 बाय 6 च्या ब्रूडरमध्ये ठेवली. म्हटलं, लाइटबिल वाचेल. कोंबडीच्या पिल्लाला निदान अर्धा चौरस फूट लागतो. म्हणजे 60 पिल्लांतच 30 चौरस फूट संपले! त्यात राजहंस भराभर वाढतात, पाणी सांडून तूस ओला करतात. तिसऱ्या आठवड्यात पिसं उपटणं सुरू झालं. एकदा रक्त दिसलं की सगळी तिथेच टोचतात. 10 पिल्लं गेली.

आता हिशोब बघा. समजा 60 पिल्लांवर 6,000 रुपये खर्च झाला, तर एक पडलं 100 ला. 50 च उरली की तेच 120 ला. हे वरचे 20 रुपये गिऱ्हाईक देत नाही, आपल्या नफ्यातून जातात.

मग करायचं काय?

1. जखमी पिल्लू लगेच वेगळं करा. जखम पूर्ण भरेपर्यंत परत सोडू नका.
2. राजहंस वेगळे वाढवा. त्यांना जागा आणि नायसिन, दोन्ही जास्त लागतं.
3. पहिल्या आठवड्यात 35 अंश तापमान, मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. पिल्लं बल्बपासून लांब पळून चोच उघडी ठेवतायत? म्हणजे गरम होतंय.
4. प्रखर पांढऱ्या बल्बऐवजी मंद लाल बल्ब लावा. रक्त चटकन नजरेत भरत नाही.
5. नुसती कणी-मका नको, चिक स्टार्टरच द्या. प्रोटीन कमी पडलं की पिसांवर चोच जाते.
6. पालक किंवा लसूणघासाची जुडी टांगा. टोचायला काहीतरी मिळतं.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. 50 पिल्लं, ब्रूडर 4 बाय 4. म्हणजे 25 चौरस फूट हवे, होते 16! दुसऱ्या दिवशी त्या औषध नाही, चिक गार्डचा पत्रा घेऊन गेल्या. औषधाची बाटली विकून मला चार पैसे मिळाले असते, पण पुढच्या बॅचचं खाद्य घ्यायला ताई परत आल्या नसत्या.

तुम्हीही आज रात्री टेप घ्या आणि मोजा.