टायरमधील हवेचा दाब कमी करणे

टायरमधील हवेचा दाब कमी करणे ही चिखल, वाळू किंवा दगडगोट्यांच्या कच्च्या वाटेवर वाहनाची पकड वाढवण्याची पद्धत आहे. अशा वाटेवर ती उपयुक्त ठरते. मात्र त्याच दाबावर पक्क्या रस्त्याने वेगात वाहन चालवणे धोकादायक असते.

कार्यतत्त्व

चाकावरील भाराला हवेच्या दाबाने भागल्यास टायरच्या जमिनीवरील स्पर्शक्षेत्राचा ढोबळ अंदाज येतो. ५०० किलोग्रॅम भार पेलणाऱ्या चाकात ३२ पीएसआय (दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.२५ किलोग्रॅम) दाब असल्यास हे क्षेत्र सुमारे २२० चौरस सेंटीमीटर येते, दाब निम्मा केल्यास ते जवळपास दुप्पट होते. भार अधिक जागेवर विभागला गेल्याने चाक मऊ जमिनीत कमी रुतते. टायरच्या बाजूच्या भिंतीही काही भार पेलतात, त्यामुळे प्रत्यक्षातील वाढ याहून कमी असते.

इतिहास

राल्फ बॅग्नोल्ड यांनी दोन महायुद्धांमधील काळात लिबियाच्या वाळवंटातील मोटार-मोहिमांत ही पद्धत वापरली. दुसऱ्या महायुद्धातील 'डक' या अमेरिकी उभयचर वाहनात चालकाला आसनावरूनच टायरमधील दाब बदलण्याची सोय होती.

पक्क्या रस्त्यावरील धोके

कमी दाबाचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो आणि या घडामोडीतून उष्णता निर्माण होते. वेग आणि भार वाढला की उष्णताही वाढते. रबर व आतील तारांचे थर एकमेकांपासून सुटून टायर फुटू शकतो. वळणावर टायरची कड रिमवरून निसटण्याची शक्यता असते. सुकाणूचा प्रतिसाद मंदावतो आणि इंधनही अधिक लागते.

ओल्या रस्त्यावर आणखी एक धोका असतो. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. नासातील संशोधनातून आलेल्या सूत्रानुसार तो ३२ पीएसआयला ताशी सुमारे ९४ किलोमीटर, तर १६ पीएसआयला सुमारे ६७ किलोमीटर येतो. टायरची नक्षी व पाण्याची खोली यांनुसार यात फरक पडतो.

अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. टायरचा बाहेरचा थर सुटून झालेल्या अपघातांच्या चर्चेत टायरच्या निर्मितीबरोबरच शिफारस केलेला २६ पीएसआय दाबही वादाचा विषय ठरला. पुढे तेथे नव्या मोटारींत दाबदर्शक यंत्रणा सक्तीची झाली.

भुकूम परिसरातील संदर्भ

मुळशी तालुक्यातील भुकूम हे गाव पुण्याहून पिरंगुट, पौड आणि ताम्हिणी घाटमार्गे माणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पावसाळ्यात तालुक्यातील कच्च्या वाटा चिखलमय होतात, तर घाटरस्त्यावर पाणी, धुके आणि तीव्र वळणे असतात. त्यामुळे कच्च्या वाटेसाठी सोडलेली हवा पुण्याकडे किंवा घाटाकडे निघण्यापूर्वी, डांबरी रस्त्याला लागतानाच पुन्हा भरणे आवश्यक ठरते.

दक्षता

निघण्यापूर्वी दाबमापक व हवा भरण्याचा पंप सोबत घ्यावा. किती हवा सोडावी हे टायर, भार आणि जमीन यांवर अवलंबून असते. पंप नसल्यास धोक्याचे दिवे लावून, अगदी कमी वेगाने, जवळच्या हवा भरण्याच्या ठिकाणापर्यंतच जावे. शिफारस केलेला दाब बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर दिलेला असतो व तो थंड टायरसाठी असतो. प्रवासाने तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. म्हणून त्यातील हवा सोडू नये आणि टायर थंड झाल्यावर पुन्हा मोजणी करावी.

हे सुद्धा पहा

टायर
घर्षण
ताम्हिणी घाट