उभयचर सर्वभूमी वाहनांतील सैल साखळी-ताणक : कारणमीमांसा व दुरुस्ती

सारांश : जमीन, दलदल व पाणी या तिन्ही ठिकाणी चालणाऱ्या सहा वा आठ चाकी वाहनांत इंजिनाची शक्ती साखळ्यांमार्फत चाकांपर्यंत पोहोचते. या साखळ्यांचा ताण राखणारा ताणक सैल झाला की तो आवळणे हा प्रचलित उपाय आहे. ताणकाचे सैलपण हे बहुधा लक्षण असून मूळ दोष अन्यत्र असतो आणि मापनाविना केलेली आवळणी तो दोष झाकून ठेवते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : उभयचर वाहन, रोलर साखळी, दंतचक्र, साखळी-ताणक, झीज.

१. प्रस्तावना

उभयचर सर्वभूमी वाहनांचा उगम १९६० च्या दशकातील उत्तर अमेरिकेत आहे. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील न्यू हॅम्बर्ग येथील 'ऑन्टॅरिओ ड्राइव्ह अँड गिअर' या उद्योगाचे 'आर्गो' हे वाहन १९६७ पासून ओळखले जाते. सरोवरे, पाणथळ भूमी आणि हिमाच्छादित प्रदेश यांनी व्यापलेल्या त्या मुलखात शिकारी, सर्वेक्षक व बचाव पथके यांना अशा वाहनांचा उपयोग होतो.

या वाहनांची रचना मोटारगाडीहून मुळातच भिन्न आहे. त्यांची पुढील चाके वळत नाहीत. डाव्या बाजूची सर्व चाके परस्परांशी आणि उजव्या बाजूची परस्परांशी साखळ्यांनी जोडलेली असतात. एका बाजूचा वेग कमी केला की वाहन त्या बाजूस वळते. बहुतेक वाहनांत वेगळी धक्काशोषक यंत्रणा नसते. कमी दाबाचे रुंद टायरच ते कार्य करतात. पाण्यात त्याच टायरांच्या खाचा वल्ह्याप्रमाणे पाणी मागे लोटतात. म्हणजेच गती, दिशा आणि पाण्यातील प्रणोदन ही तिन्ही कार्ये साखळ्यांवर अवलंबून असतात. अनेक वाहनांत ब्रेकही चाकांवर नसून गतिपेटीलगत असतो. अशा वाहनात साखळी तुटल्यास तिच्यापलीकडील चाकांचा ब्रेकही निकामी होतो. एका बाजूची मुख्य साखळी पाण्यात तुटली तर वाहन सरळ न जाता स्वतःभोवती फिरू लागते. किनारा दूर आणि पाणी थंड असल्यास हा प्रसंग प्रवाशांच्या जिवावर बेतू शकतो.

२. ताणकाची आवश्यकता

सायकलची साखळी सैल झाली की मागील चाक थोडे मागे सरकवून ती ताणता येते. उभयचर वाहनात ही सोय नसते. त्याचे आस जलरोधक कवचातून बाहेर येतात व त्यांची बेअरिंगे आणि पाणी रोखणारी सीले ठरावीक जागी बसवलेली असतात. आसांमधील अंतर बदलता येत नसल्याने वाढलेली लांबी सामावून घेण्यासाठी वेगळ्या ताणकाची योजना करावी लागते. तो कधी साखळीवर टेकणारा टणक प्लास्टिकचा सरकपट्टा असतो, कधी मोकळे फिरणारे दंतचक्र, तर कधी स्प्रिंगने दाबलेली भुजा.

३. साखळी 'वाढते' म्हणजे काय ?

हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये पेटंट घेतलेल्या बुश-रोलर साखळीचे मूलतत्त्व आजही तेच आहे. प्रत्येक सांध्यात एक पिन बुशमध्ये फिरते. साखळी लांबते ती पोलाद ताणले गेल्यामुळे नव्हे, तर पिन व बुश यांचे पृष्ठभाग झिजल्यामुळे. प्रत्येक सांध्यातील सूक्ष्म झीज एकत्र होऊन एकूण लांबी वाढते. चिखलमिश्रित पाणी व वाळू सांध्यांत शिरल्यास ही झीज झपाट्याने होते.

अल्प झीजही डोळ्यांना मोठी का भासते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १९.०५ मिलिमीटर पिचची, ६८ कड्यांची साखळी प्रत्येकी १५ दात्यांच्या दोन दंतचक्रांवर नेमकी बसली आहे असे मानू. तिची लांबी सुमारे १२९५ मिमी आणि आसांमधील अंतर सुमारे ५०५ मिमी येते. झीज १ टक्का झाली तर लांबी १३ मिमी वाढते. ती सर्व वाढ सैल पदरात गोळा झाल्यास त्याचा मध्य मूळ रेषेपासून सुमारे ५७ मिमी हलतो. झीज केवळ पाव टक्का असली तरी हे विचलन २८ मिमीहून अधिक असते. विचलन हे वाढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने झीज चौपट झाली तरी झोळ दुप्पटच दिसतो. म्हणून केवळ झोळ पाहून साखळीच्या आयुष्याचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष मापन करावे लागते.

४. ताणक सैल का होतो ?

पुढे जाताना साखळीचा एक पदर ताठ व दुसरा सैल असतो. ताणक सामान्यतः सैल पदरावर बसवतात. मात्र वाहन मागे घेताना, उतारावर ब्रेक लावताना किंवा वळताना मंदावलेल्या बाजूची चाके जमिनीमुळे ओढली जात असताना, भार उलटतो. सैल पदर ताठ होतो आणि ताणकावर आघात करतो. असे आघात वारंवार होऊन ताणकाचा चेकनट सैल होतो, खिळीचे छिद्र लंबगोल होते, आधारपट्टी वाकते किंवा तिच्या वेल्डिंगला तडा जातो. स्प्रिंगचा ताणक असल्यास स्प्रिंग दबते आणि सर्व झोळ ताणक नसलेल्या पदरात जातो. त्या वेळी साखळी दात्यांवरून उडी मारू शकते किंवा कवचाच्या तळावर आपटते. वळताना वा मागे घेताना ऐकू येणारा 'खट्' असा आवाज हे या दोषाचे प्रारंभिक लक्षण असू शकते.

याखेरीज सरकपट्ट्यात खोल खाच पडणे, दंतचक्राचे दाते आकड्यासारखे वाकडे होणे आणि आसाचे बेअरिंग झिजणे हीही कारणे संभवतात. यांतील शेवटचे कारण विशेष फसवे आहे. बेअरिंग झिजल्यास आसच जागेवरून हलतो, त्यामुळे साखळी सुस्थितीत असूनही सैल वाटते.

५. दुरुस्तीचा क्रम

(अ) सुरक्षितता : इंजिन बंद करून किल्ली काढावी. वाहन भक्कम स्टँडवर उचलून सर्व चाके अधांतरी ठेवावीत व गतिपेटी न्यूट्रलमध्ये ठेवावी. चाक फिरवताना बोटे साखळीपासून दूर ठेवावीत.

(आ) निरीक्षण : तळाचा चिखल व पाणी काढून चाक हाताने दोन्ही दिशांना फिरवावे. दंतचक्र किंचित केंद्रच्युत असल्यास साखळीचा ताण प्रत्येक स्थितीत बदलतो. म्हणून सर्वाधिक ताठ स्थिती शोधून तेथे खूण करावी. चाक वर-खाली व आत-बाहेर हलवून बेअरिंग तपासावे.

(इ) मापन : साखळी ताठ करून १२ पिचचे अंतर मोजावे. १९.०५ मिमी पिचच्या नव्या साखळीत ते २२८.६ मिमी असते. ३ टक्के वाढ, म्हणजे सुमारे २३५.५ मिमी, ही साखळी बदलण्याची सर्वसाधारण मर्यादा मानतात. आसांमधील अंतर स्थिर असलेल्या रचनेत ताणकाची समायोजन-क्षमता संपताच, या मर्यादेपूर्वीही साखळी बदलावी लागते.

(ई) निर्णय : साखळी मर्यादेत असेल तर ताणकाचे झिजलेले भाग बदलावेत. साखळी मर्यादेबाहेर गेली असेल तर ताणक आवळणे व्यर्थ होय. वाकड्या दात्यांवर नवी साखळी चढवल्यास तीही लवकर झिजते. म्हणून अशा वेळी दंतचक्रेही बदलावीत. झिजलेल्या साखळीची एखादी कडी काढून ती आखूड करणे हा तात्पुरता दिलासा होय, दुरुस्ती नव्हे. त्यामुळे पिचमधील वाढ भरून निघत नाही.

(उ) समायोजन : खूण केलेल्या सर्वाधिक ताठ स्थितीतच ताण ठरवावा. सर्वसाधारण साखळीप्रणालीत सैल पदराची मध्यावरील एकूण हालचाल आसांमधील अंतराच्या २ ते ४ टक्के ठेवतात. उलटसुलट भार व धक्के असल्यास ती २ टक्क्यांच्या जवळ ठेवणे इष्ट असते. वरील उदाहरणात ही हालचाल सुमारे १० मिमी येते. विशिष्ट वाहनासाठी निर्मात्याच्या पुस्तिकेतील मापच अंतिम मानावे. चेकनट घट्ट केल्यानंतर चाक अनेकदा फिरवून पुन्हा मोजावे. साखळी तारेसारखी ताठ करू नये. त्यामुळे बेअरिंग व सांधे यांवर अकारण भार येऊन झीज वाढते.

(ऊ) वंगण : वंगणाची गरज बाहेरील पट्ट्यांपेक्षा पिन व बुश यांमधील फटीला असते. ते मोजके लावावे. जादा ग्रीसवर वाळू चिकटून घर्षक लेप तयार होतो. साखळीत रबरी कड्या असल्यास तीव्र द्रावक वापरू नयेत. नवी साखळी सुरुवातीच्या काही तासांत थोडी अधिक सैल होते, म्हणून तिचा ताण लवकरच पुन्हा तपासावा.

६. समारोप

ताणकाचे बोल्ट आवळल्याने आवाज थांबतो, परंतु आवाज थांबणे म्हणजे दोष दूर होणे नव्हे. उलट, दोषाची पूर्वसूचना देणारे एकमेव चिन्ह नाहीसे होते आणि वाहन त्याच अवस्थेत पाण्यात उतरते. लक्षण व कारण यांतील हा भेद देखभाल-शास्त्राचा पाया आहे. तो वर्गात दाखवण्यासाठी उभयचर वाहनाची आवश्यकता नाही. १२.७ मिमी पिचच्या सायकलच्या साखळीत २४ पिचचे अंतर नवेपणी ३०४.८ मिमी भरते. महाविद्यालयाच्या वाहनतळावरील काही जुन्या सायकलींवर हे अंतर मोजले, तर झोळ आणि झीज या दोन भिन्न गोष्टी आहेत हे विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल. आधी मापन, मग निदान आणि शेवटी आवळणी, हाच क्रम दुरुस्तीत पाळला गेला पाहिजे.