नकाशा तिथंच राहतो, झाड वाढतं

फेब्रुवारी संपत आला की टिपेश्वरच्या अभयारण्यात एक बदल होतो. त्याची जाहिरात कुणी करत नाही, पण पांढरकवड्याकडे वळणाऱ्या गाड्या त्याच्यामुळेच वाढतात. सागाची पानं गळतात. दिवाळीच्या सुमारास दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, तिथून आता थेट नाल्यापर्यंत नजर जाते. वाघ तेवढेच, रस्ता तोच, जिप्सीही तीच. मधला पडदा तेवढा खाली उतरलेला असतो. माणसाला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे पान ठरवतं, ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही.

हेच गणित कागदावर मांडून त्यावर अमाप पैसा ओतणारी माणसं जगात आहेत. ती थीम पार्क बांधतात. आणि ते गणित बिघडलं म्हणून वर्षानुवर्षं तावातावानं भांडणारी माणसंही आहेत. ती त्या पार्कची भक्त असतात. भक्त हा शब्द मी विचार करून वापरतोय. आपल्या लाडक्या पार्कमधला दिवा बदलला तरी यांना झोप येत नाही.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा १९९६ साली तिथल्या सुप्रसिद्ध किल्ल्याला वाढदिवसाच्या केकचं रूप दिलं होतं. अख्खा किल्ला गुलाबी, वर मेणबत्त्या आणि खोट्या गोळ्या-चॉकलेटं. तो अवतार १९९८ च्या सुरुवातीला उतरवला, पण जुने भक्त अजून त्याचा उद्धार करतात. त्याच किल्ल्यासमोरच्या चौकातली मोठी झाडं पुढं टप्प्याटप्प्यानं गेली. २०१४-१५ च्या फेररचनेनंतर तिथं उभं राहून रात्रीची आतषबाजी पाहायला ऐसपैस मोकळी जागा झाली. एक गट खूश झाला, किल्ला दिसायला लागला म्हणून. दुसरा गट हळहळला, सावली गेली म्हणून. आणि जुलै २०२५ मध्ये तिथली ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ ही माणसांनी खोदलेली नदी, तिच्यातल्या बेटासकट, कायमची बंद करून त्या जागी मोटारींच्या सिनेमावरचा नवा भाग करायला घेतला. तेव्हा तर सुतकच पडलं. त्या नदीत फारसं काही घडत नसे. एक जुन्या धाटणीची बोट संथपणे फेरी मारायची, काठावर झाडं होती. नेमकं तेच हवं होतं, असं भक्तांचं म्हणणं.

हे सगळं खुळचट वाटू शकतं. मला आधी तसंच वाटायचं. पण झाडं आणि किल्ला यांच्यात नेमकं काय चालतं हे एकदा कळलं की भांडणारे फार वेडे वाटत नाहीत.

कॅलिफोर्नियातलं मूळ डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. तिथला किल्ला आहे फक्त ७७ फूट उंच. आपल्याकडच्या एखाद्या सहा-सात मजली इमारतीएवढाच. तरी समोर उभं राहिलं की तो आभाळाला भिडल्यासारखा दिसतो. त्यामागे एक साधी लबाडी आहे. खालचे दगड मोठे, वर जावं तसे दगड लहान, खिडक्या लहान, मनोरे बारीक. दूरची वस्तू लहान दिसते हे डोळ्याला ठाऊक असतं, म्हणून लहान दिसलेली खिडकी तो आपोआप ‘फार वर’ समजतो. १९५९ मध्ये तिथंच मॅटरहॉर्नचा डोंगर उभा राहिला. खरा मॅटरहॉर्न आल्प्समध्ये साडेचौदा हजार फुटांच्या वर, हा १४७ फुटांचा, म्हणजे शंभरावा हिस्सा. त्याच्या पायथ्याशी मोठी झाडं आणि वरच्या अंगाला खुरटलेली झाडं लावली, की डोंगर खराखुरा उंच वाटावा.

आता गंमत पाहा. दगड लावला तिथंच राहतो. झाडाला मात्र आपण कुठल्या नाटकात उभे आहोत हे माहीत नसतं. ते वाढतं. वरचं खुरटं झाड नीट वाढलं तर सगळा डोंगर एका क्षणात वारुळाएवढा होईल. किल्ल्याशेजारचं रोप वीस वर्षांत चाळीस फुटांचं झालं, की ७७ फुटांचा किल्ला त्याच्या जेमतेम दुप्पट उरतो. त्यात झाडाचं पान डोळ्याला फसू देत नाही. दगडाचा आकार आपल्याला पाठ नसतो, पण पानाचा असतो. ओळखीचं पान जवळ आलं की डोळा त्यालाच मोजपट्टी करतो आणि किल्ल्याची खरी उंची मोजून मोकळा होतो.

म्हणून तिथले माळी रात्री पार्क बंद झाल्यावर कात्र्या घेऊन कामाला लागतात. पण कात्रीचाही एक उलटा गुण आहे, आणि तो कळायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. आपल्याकडचा कुठलाही शेतकरी तुरीचे शेंडे खुडतो ते कशासाठी? शेंड्याच्या टोकाला ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खुडला की हा दाब सुटतो, बाजूचे डोळे फुटतात, फांद्या वाढतात, झाड पसरतं आणि शेंगा जास्त लागतात. शेतात हे सोन्यासारखं आहे. बागेत मात्र उंची रोखायला शेंडा छाटला, की झाड बाजूंनी दाट होतं आणि आधी फांद्यांमधून निदान झिरझिरीत दिसणारा किल्ला आता पुरता झाकला जातो. दरवर्षी वरून छाटत गेलेली झाडं हळूहळू भिंत होतात. दिसण्याची वाट मोकळी ठेवायची तर वरून नव्हे, आतून फांद्या विरळ कराव्या लागतात. त्याला वेळ लागतो आणि जाणता हात लागतो. एवढं करूनही एक दिवस असा येतो की झाड काढून तिथं लहान झाड लावण्यावाचून इलाज उरत नाही. त्या दिवशी भक्तांचे दोन तट पडतात.

डिस्नेलँडच्या झाडांची जन्मकथा तर या भांडणाहून सुरस आहे. ती जागा संत्र्यांच्या आणि अक्रोडांच्या बागांची. तिथल्या बागेचं काम बिल एव्हान्स आणि त्यांचे भाऊ जॅक यांच्याकडे होतं. हाताशी वेळ एक वर्षाचा, आणि करायचं होतं काय, तर नदीकाठचं घनदाट जंगल! नव्या महामार्गांच्या वाटेत येणारी झाडं बुलडोझरखाली जाण्याआधी उचलून आणली. उखडलेली जुनी झाडं उलटी रोवली, मुळं वर. त्यांच्या वेड्यावाकड्या मुळ्या परदेशी जंगलातल्या फांद्यांसारख्या दिसायच्या. राखायच्या झाडांना एका रंगाची फीत बांधली होती आणि तोडायच्या झाडांना दुसऱ्या रंगाची, पण बुलडोझरवाला नेमका रंगांध निघाला, असंही सांगतात. उद्घाटनापर्यंत पैसा आणि रोपं दोन्ही संपली, तेव्हा एका उघड्या बांधावर उगवलेल्या तणालाच भारदस्त लॅटिन नावांच्या पाट्या लावल्या, अशी गोष्ट आहे. घाणेरीला ‘लँटाना कॅमारा’ अशी पाटी लावली तर आपणही दोन मिनिटं थांबून तिच्याकडे आदरानं पाहू, नाही का?

त्या पार्कमध्ये एक खजुराच्या जातीचं झाड आहे. ते १८९६ मध्ये एका घरच्या लग्नाच्या भेटीतून लावलेलं. जमीन विकताना त्या घराण्यानं ते झाड राखायची अट घातली, आणि ते हलवून जंगलसफरीच्या भागात नेलं. म्हणजे त्या सगळ्या बनावट जगातली एक जुनी गोष्ट अस्सल आहे, पार्कहून साठेक वर्षांनी मोठी. आणि उलट्या मुळांनी सुरू झालेलं ते खोटं जंगलही आता खरं झालंय. झाडांनी एकमेकांवर सावली धरली, खाली ओल टिकली, ओलीत नवी रोपं तगली. कुणी म्हणालं की ‘हे मूळच्यासारखं करा’, तर काय करायचं? सगळं उपटून पुन्हा तणाला पाट्या लावायच्या?

‘मूळच्यासारखं’ या मागणीनं मोठमोठ्यांना घाम फोडलाय. फ्रान्समधली व्हर्सायची बाग चौदाव्या लुई राजानं आखून घेतली. शंभरेक वर्षांत झाडं म्हातारी झाली, रांगा विस्कटल्या. तेव्हा सोळाव्या लुईच्या हुकुमानं १७७४-७५ च्या हिवाळ्यात जवळजवळ सगळी झाडं तोडून नव्यानं लावली. ह्यूबेर रोबेर या चित्रकारानं तो आडव्या पडलेल्या खोडांचा देखावा रंगवून ठेवलाय. पुढं १९९९ च्या डिसेंबरातल्या वादळानं तिथली दहा हजारांच्या घरातली झाडं पाडली, आणि त्या निमित्तानं जुना आराखडा पुन्हा मांडता आला. वादळाचं काम कुणी उघडपणे चांगलं म्हटलं नाही, पण नकाशावाल्यांना संधी मिळाली हे खरं.

आणि आपला ताजमहाल? शाळेच्या सहलीपासून आपल्या डोळ्यांत बसलेला देखावा म्हणजे मधलं पाणी, दोन्ही बाजूंना हिरवळ, आणि टोकाला उघडा, स्वच्छ घुमट. हा देखावा शहाजहानचा नव्हे. मोगलांची बाग फळझाडांची आणि फुलझाडांची होती. एकोणिसाव्या शतकातले फोटो पाहिले तर दाट झाडीतून फक्त घुमट आणि मिनार वर डोकावताना दिसतात. व्हाइसरॉय म्हणून १८९९ मध्ये आलेल्या कर्झननं डागडुजी काढली, झाडी हटवली आणि इंग्रजी वळणाची हिरवळ अंथरली. आज तिथं कुणी आंब्याची झाडं लावायला निघालं, तर ‘ताज बिघडवला’ म्हणून आपणच आधी ओरडू. शहाजहानच्या बाजूनं बोलणारं कुणी नसेल.

आता आपल्या भागाकडे येऊ. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातल्या दोन पिढ्यांच्या आठवणीत थीम पार्क म्हणजे मुंबईचं एस्सेलवर्ल्ड नव्हे आणि खोपोलीचं इमॅजिकाही नव्हे. तो मान शेगावच्या आनंदसागरचा. श्री संत गजानन महाराज संस्थाननं शेगावला उभारलेल्या या बागेत मधोमध मोठा तलाव, तलावातल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीवरचं ध्यानकेंद्र, मुलांसाठी झुकझुक गाडी. जागा शेकडो एकरांची. हे सगळं कुठं, तर पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. जिथं विहिरीचं पाणी खारट आणि जमीन पावसाळ्यात चिकट, उन्हाळ्यात भेगाळ. अशा मातीत सावली उभी करणं हेच मुळात अचाट काम होतं. किल्ले आणि डोंगर नंतरचे.

मधली काही वर्षं आनंदसागर बंद राहिलं. २०२३ मध्ये त्याचा काही भाग पुन्हा उघडला, आणि त्याबरोबर वादही उघडला. शेगावहून परतणाऱ्या गाडीत तो हमखास ऐकू येतो.

“पह्यलेचं आनंदसागर राह्यलं नाही बाप्पा आता.”

“अवो, पण झाडं किती मोठी झाली, ते तं पहा ना!”

दोघंही खरं बोलतात. ज्या बागेवर आठ महिने कोरडे आणि चार महिने पावसाचे जातात, तिथं राबता थांबला की पहिल्या पावसात तरोटा आणि गाजरगवत कमरेला लागतं. पाठोपाठ घाणेरी येते. पाखरांनी टाकलेल्या बियांतून कडुनिंब, बोर उगवतात, शेंगा तडकून सुबाभूळ पसरते. शकुंतला रेल्वे थांबल्यावर आपल्याच यवतमाळ-मूर्तिजापूर रुळांमध्ये झुडपांनी केवढी घाई केली, हे आपण पाहिलंय. पण ज्यांना सावली हवी त्यांच्या दृष्टीनं इथली मोठी झाडं म्हणजे खारपाणपट्ट्यात जिंकलेली लढाई असते. ती छाटायची म्हटलं तर मन होत नाही.

या वादात आणखी एक गंमत दडलेली आहे, आणि मला ती सगळ्यांत जास्त आवडते. आपण सहा-सात वर्षांचे असताना बाग पाहतो, तेव्हा आपले डोळे जमिनीपासून जेमतेम साडेतीन फुटांवर असतात. पंधरा-वीस वर्षांनी परत जातो, तेव्हा ते पाच-साडेपाच फुटांवर गेलेले असतात. त्यामुळे कमान लहान वाटते, पूल बुटका वाटतो, गाडी खेळण्यातली वाटते. बांधकाम तेच, आपण वाढलोय. पण झाडं मात्र आपल्याहून जास्त वाढलेली असतात, म्हणून ती अवाढव्य वाटतात. एकाच जागी अर्ध्या गोष्टी आकसलेल्या आणि अर्ध्या फुगलेल्या दिसतात. मेंदूला हे गणित सुटत नाही. तो सोपं उत्तर काढतो: ‘यांनी बिघडवलं!’ मग संस्थानानं काय करायला हवं, तिकीट किती ठेवायला हवं, पाळणे परत आणायला हवेत की नकोत, याची चर्चा गाडीत सुरू होते. कारंजा आलं, चहाला गाडी थांबली, तरी ती थांबत नाही. मागच्या सीटवर पहिल्यांदाच शेगाव पाहून आलेलं पोरगं तेवढ्यात विचारतं, “पण आपण परत कधी जाणार?” आणि त्याला कुणी उत्तर देत नाही, कारण मोठ्यांचं झाडांवर अजून एकमत झालेलं नसतं.