जुन्या बेकरीत नवे काम

आज आम्ही तुम्हांला दूरच्या एका गावाची हकिकत सांगणार आहोत. युरोपच्या पश्चिमेला, समुद्रात आयर्लंड हा देश आहे. त्याच्या दक्षिण भागात स्किबरीन नावाचे लहानसे गाव आहे. १८४५ साली तेथे बटाट्यावर रोग पडला. गरिबांचे पोट बटाट्यावरच चाले. पुढे काही वर्षे भयंकर दुष्काळ पडला. साऱ्या देशात सुमारे १० लाख माणसे मेली. तितकीच, किंबहुना जास्तच, बोटीत बसून परदेशी गेली. दुष्काळ सरला, पण गाव सोडण्याची रीत पडली ती पडलीच. मुलगा शिकला की निघाला! कोकणातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

मुले गावात राहावीत म्हणून काय करावे? कारखाना आणायचा तर मोठे भांडवल हवे. स्किबरीनच्या काही रहिवाशांनी दुसरी वाट धरली. गावात एका जुन्या बेकरीची इमारत होती. ती नीट करून २०१६ साली त्यांनी तेथे सर्वांसाठी कामाची जागा उघडली. तिचे नाव लडगेट हब. पर्सी लडगेट १८८३ साली याच गावात जन्मला. १९०९ साली त्याने हिशेब करणाऱ्या यंत्राचा आराखडा छापला. यंत्र काही तयार झाले नाही, पण गावाने त्याची आठवण ठेवली.

अशा जागेत असते काय? टेबले, खुर्च्या, बैठकीची खोली आणि वेगवान इंटरनेट. ज्याला हवे त्याने भाडे भरून टेबल घ्यावे. एकट्याने एवढी सोय करायची तर खर्च अंगावर येतो. दहा जणांत वाटला की झेपतो.

तुम्ही म्हणाल, टेबलाशी बसणाऱ्या चार माणसांचा गावाला काय फायदा? बघा, पगार शहरातून येतो, पण खर्च गावात होतो. दुपारचे जेवण शेजारच्या खाणावळीत, किराणा कोपऱ्यावरच्या दुकानात. कुटुंब राहायला आले की शाळेचा पट वाढतो. आयर्लंडात पट घटला की शिक्षकही कमी होतो. म्हणून चार मुले वाढली, तरी लहान शाळेला मोठा आधार. आम्हांला विचाराल तर सगळ्यात मोठा फायदा हाच. दुकान बंद पडले तर दुसरे निघते. शाळा बंद पडली की तरुण जोडपी त्या गावाकडे वळत नाहीत.

शिवाय घरी एकटा बसलेला माणूस अडला की अडलाच. येथे चहा पिताना शेजाऱ्याला विचारता येते.

पण सगळेच गोड नाही. सुतार, गवंडी, कोळी यांना त्या टेबलाचा सरळ उपयोग नाही. बाहेरून पगारदार आले की घरभाडे चढते, आणि चटका गावातल्याच गरिबाला बसतो. कामाच्या जागेबरोबर राहायची घरेही वाढायला हवीत.

२०२१ साली आयर्लंडच्या सरकारने खेड्यापाड्यांसाठी नवे धोरण जाहीर केले. अशा ४०० हून अधिक जागांचे जाळे देशभर विणायचे, असे त्यात ठरले. गावातले दारूचे गुत्ते लोकांच्या सामायिक कामांसाठी वापरून पाहावेत, असेही त्यात होते!