पिता कोण आणि पालक कोण?

शाळेच्या दाखलपत्रावर ‘वडिलांचें नांव’ आणि ‘पालकाचें नांव’ असे दोन निरनिराळे रकाने असतात. खेड्यांतला मुलगा शहरांत मामाकडे राहून शिकूं लागला, म्हणजे प्रगतिपुस्तकावर सही मामाची होते. परंतु वडिलांचें नांव विचारल्यास तो मामाचें नांव सांगत नाहीं. हे दोन रकाने कोणी एकच करून टाकले तर काय घोटाळा होईल, याचें एक उदाहरण संगणकाच्या अंतरंगांत घडलेलें आहे. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

संगणकावर चालूं असलेल्या कार्यक्रमास ‘प्रोसेस’ असें म्हणतात. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन, डेनिस रिची प्रभृतींनीं ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिच्या परंपरेंत एक प्रोसेस दुसरीस जन्म देते. प्रत्येकीस एक क्रमांक मिळतो, आणि या सर्वांची वंशावळ ‘कर्नल’ नांवाचा मुख्य कारभारी कार्यक्रम राखतो. ‘माझ्या जनकाचा क्रमांक काय?’ असें अपत्यानें विचारावयाचें असल्यास ‘गेटपीपीआयडी’ ही विनंती असते. उलट, अपत्य थांबलें किंवा निमालें ही वार्ता जनकाला ‘वेट’ या विनंतीनें कळते.

आतां ‘डीबगर’ म्हणजे काय तें पाहूं. कार्यक्रमांत दोष असल्यास त्याला पावलोपावलीं थांबवून त्याची नाडी तपासणारा हा वैद्य होय. त्यासाठीं ‘पीट्रेस’ नांवाची सोय आहे. प्रारंभीं ही सोय फक्त जनकालाच, स्वतःच्या अपत्यापुरती, उपलब्ध होती. त्यामुळें जनक आणि तपासनीस एकच असत, व तंटा उद्भवत नसे. पुढें चालत्या प्रोसेसला कोणाही परक्या डीबगरनें मध्येंच येऊन जोडून घ्यावें अशी योजना निघाली. पण थांबल्याची वार्ता तर ‘वेट’मधून केवळ जनकालाच मिळे! तेव्हां कर्नलच्या रचनाकारांनीं सोपी युक्ति केली: तपास चालूं असेपर्यंत डीबगरलाच जनक ठरवावें.

हें दत्तकविधान सोयीचें होतें, पण निरुपद्रवी नव्हतें. कल्पना करा कीं, एक साहाय्यक प्रोसेस थोड्याथोड्या वेळानें जनकाचा क्रमांक विचारते, आणि तो बदलल्यास ‘माझा जनक गेला’ असें समजून स्वतःही काम आटोपते. ही समजूत एरवीं रास्त आहे. कारण जनक निमाल्यावर पोरक्या अपत्याला सामान्यतः पहिल्या क्रमांकाची प्रोसेस आपल्या पदरीं घेते. आतां या साहाय्यकाचा दोष शोधण्यास डीबगर जोडला कीं क्रमांक बदलतो, आणि जिवंत जनकाचें सुतक धरून रोगी वैद्याच्या हातांतच प्राण सोडतो! फ्रीबीएसडीच्या जुन्या कर्नलांत ‘गेटपीपीआयडी’ला असें डीबगरचेंच नांव मिळत असे.

१९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं आरंभिलेल्या लिनक्सच्या आजच्या कर्नलांत दोन रकाने आहेत: एक ‘खरा जनक’, दुसरा नुसता ‘जनक’. वार्ता दुसऱ्याकडे, म्हणजे तपासाच्या काळांत डीबगरकडे जाते. ‘गेटपीपीआयडी’चें उत्तर मात्र पहिल्यांतून येतें. प्रत्येक प्रोसेसच्या ‘स्टेटस’ या माहितीपत्रकांतहि ‘पीपीआयडी’ आणि ‘ट्रेसरपीआयडी’ अशा दोन स्वतंत्र ओळी आढळतात. तपास चालूं नसल्यास दुसऱ्या ओळींत शून्य असतें. फ्रीबीएसडीनेंहि पुढें मूळ जनकाचा क्रमांक जपून तोच सांगण्यास प्रारंभ केला. तेथें अपत्य परक्याच्या तपासाखालीं असतांना मूळ जनकाच्या ‘अनाथ’ नांवाच्या यादींत त्याची नोंद राहते, म्हणजे जनकानें चौकशी केल्यास ‘तुला मूलच नाहीं’ असें निष्ठुर उत्तर मिळत नाहीं.

श्रोतेहो, तपासणीमुळें तपासावयाची वस्तूच बदलली, तर निदान चुकतें, आणि बिचारा प्रोग्रामर नसलेल्या दोषामागें रात्री जागवितो. प्रगतिपुस्तक कोणाकडे पाठवावयाचें आणि बाप कोणाला म्हणावयाचें, हे दोन प्रश्न निराळे आहेत. कर्नलच्या कारभाऱ्यांना त्यांसाठीं अखेर दोन रकाने करावे लागले; शाळेच्या कारकुनाच्या दाखलपत्रावर ते आधींपासूनच होते.